विहिरीतल्या बंदुका

दुष्काळ पडला की आमच्या गावात सगळ्यांची कामं सुटायची आणि एकट्या मारुतीअप्पाला काम लागायचं. गडी ऊसतोडीला निघून जायचे, आम्ही बाया खडी फोडायला जायचो, आणि अप्पा खांद्यावर रिकामं पोतं टाकून कोरड्या विहिरी हिंडायचा. काठावर उकिडवा बसून आत गाळ काढणाऱ्यांना वरून विचारायचा, "लोखंड काय लागतंय का बे?"

खालून कुणीतरी म्हणायचं, "लागतंय की! तुझ्या आज्ज्याची तोफ लागतीया. दोर सोड."

सगळे खो खो हसायचे. अप्पा हसायचा नाही. दोर सोडायचा.

त्याचं घर आमच्या घराला लागून, मधली भिंत एकच. भाकरी भाजल्याचा वास इकडचा तिकडं. माणूस बुटका, कमी बोलणारा. गावच्या सोसायटीच्या गोदामाची किल्ली त्याच्या करदोट्याला असायची. चांगल्या साली त्या गोदामात खताची पोती, बियाणं, ज्वारी. दुष्काळात उंदीरसुद्धा तिथनं उठून जायचे. मग त्या रिकाम्या फळ्यांवर अप्पा त्याच्या बंदुका मांडायचा. एकेकीखाली गोणपाट. शेजारी तिचं सामान. सापडली असली तर संगीन, नाहीतर काडतुसाच्या पट्ट्याचं बक्कल, नाहीतर नळी साफ करायच्या दोरीचं पितळी टोक. रॉकेलमध्ये बुडवलेल्या चिंधीनं दिवसदिवस पुसत बसायचा. रॉकेल मिळायचं रेशनवर, बेताचं. ते बंदुकांना जायचं, त्यामुळं त्याच्या घरी कंदील लागायचा तो जेवण होईपर्यंतच. त्याच्या हातचं पाणी प्यालं तरी रॉकेलचा वास यायचा.

आणि गंमत बघा, एवढ्या बंदुकांचा मालक, पण लवंगी फटाका वाजला तरी दचकायचा. दिवाळीत कानात कापूस घालून गोदामात दार लावून बसायचा. कुणी हौशी पोरानं एखादी बंदूक उचलून खांद्याला लावली की अप्पा धावून जायचा. "खाली ठिव. नेम धरायची ती वस्तू न्हाई." मग कशाची, असं कुणी विचारलं तर ती काढून घेऊन पुसायला लागायचा.

विहिरीत बंदुका कुठून आल्या, हे आमच्याकडं सांगावं लागत नाही, पण तुम्हाला सांगते. निजामाचं राज्य गेलं, पोलीस ॲक्शन झाली, तेव्हा दवंडी फिरली की ज्याच्या घरी हत्यार सापडेल त्याची खैर नाही. लोकांची पाचावर धारण बसली. ज्याच्याकडं जे होतं ते त्यानं जवळच्या विहिरीत टाकलं. बंदुका, तलवारी, भाले. आमच्या सासूबाई सांगायच्या, एका म्हातारीनं भीतीनं घरचा अडकित्ता टाकला आणि पुढं जन्मभर सुपारी दगडानं फोडली. विहिरी भरलेल्या होत्या. सगळं खाली गेलं, वर पाणी. अप्पा मला म्हणायचा, "पानी हाय तवर हीर मुकी असती, अक्का. बोलती ती आटल्यावर."

आता त्याच्या मनातलं सांगते. अप्पाचा थोरला भाऊ सखाराम निजामाच्या फौजेत शिपाई होता. अप्पा तेव्हा आठ वर्षांचा, आणि सखारामची बायको सोनाबाई पंधरा-सोळाची, नुकती नांदायला आलेली. फौज मोडली तशी शिपाई वाट फुटेल तिकडं पळाले. सखारामला कुणीतरी धारूरच्या घाटाखाली बघितलं, खांद्यावर बंदूक, तोंड गावाकडं. तेवढंच. त्यानंतर तो ना गावात आला, ना कुठं मेल्याचं कळलं.

मेल्याचं कळलं नाही म्हणून सोनाबाईनं कुंकू ठेवलं. मी लग्न होऊन या गावात आले तेव्हा ती पंचविशीच्या पुढं असेल. कपाळावर रुपयाएवढं कुंकू. संक्रांतीला वाण घेऊन पहिली आमच्या दारात यायची. बाया तोंडावर हसून कुंकू लावायच्या आणि ती वळली की एकमेकींकडं बघायच्या. तिला ते माहीत होतं. तरी दरवर्षी पहिली यायची.

सखारामची एकच वस्तू घरात होती. शेवटच्या रजेवर आला तेव्हा विसरून गेलेली अंगठ्याएवढी पितळी बाटली. बंदुकीच्या दस्त्यात मागं एक भोक असतं, त्यात ही तेलाची बाटली बसते. तो गेल्यावर ती देव्हाऱ्यात गेली. खंडेनवमीला खुरपी, विळे, कुऱ्हाड पुजायचे तेव्हा सगळ्यांत पुढं ही बाटली. सोनाबाई तिला चिंचेनं, राखेनं अशी घासायची की डोळे दिपावेत.

बहात्तरचा दुष्काळ आला. खायला रेशनची तांबडी मिलो ज्वारी, प्यायला आठवड्यातून दोनदा टँकर. माणशी किती पाणी ते टँकरवाला ठरवायचा. सरकारनं गाळ काढायची कामं काढली, त्यात पाटलाच्या मळ्यातल्या विहिरीतून एक बंदूक निघाली. लाकूड काळं पडलेलं, लोखंड गंजलेलं, पण दस्त्यावरचा पितळी बिल्ला शाबूत. त्यावर आकडे ठोकलेले. गावात धारूरचा, निजामाच्याच फौजेतला एक पेन्शनर हवालदार पाहुणा आला होता. तो म्हणाला, "ह्यो बंदुकीचा नंबर. आमच्या पलटणीत ह्योच नंबर तिच्या सगळ्या सामानावर ठोकायचे. संगिनीवर, तेलाच्या बाटलीवर."

अप्पा तिथून पळत घरी आला. मी अंगणातच होते. चिखलानं माखलेला, डोळे असे झालेले. दारातूनच ओरडला, "वयनी! दादाच्या बाटलीवर नंबर हाय! आन इकडं!"

चोवीस वर्षं ती बाटली घरात होती, पण त्यावरचा नंबर कुणी वाचला नव्हता, कुठं लिहून ठेवला नव्हता. आधी कुणाला वाचता येत नव्हतं. पुढं अप्पा पोत्यांवरचे आकडे वाचायला शिकला, पण देवाचं पितळ कोण वाचायला जातं?

सोनाबाई दारात आडवी उभी राहिली. "देव्हाऱ्याला शिवू नको. हिरीतला गाळ हाय अंगावर. कुणाचं काय बुडालंय त्यात, कुनाला ठावं. आंघूळ कर, मग घे."

"वयनी, आंघुळीला पानी कुठनं आनू? टँकर परवा."

"मग परवा घे."

आणि अप्पा थांबला. असा होता तो. वहिनीनं त्याला आईच्या मागं वाढवलेला. तिचा शब्द मोडणं त्याला माहीतच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी विस्तव मागायला त्यांच्याकडं गेले. सोनाबाई परसात बसली होती. पुढ्यात ती बाटली, राख, चिंच, आणि वाटीत प्यायचं पाणी. प्यायचं. हातात विटेचा तुकडा. दसऱ्याला अजून चार महिने होते. ती सगळी बाटली घासत नव्हती. एकाच जागी घासत होती, बोटाच्या पेराएवढ्या जागी, आणि दात आवळून.

मी दिसल्यावर थांबली. म्हणाली, "काळी पडलीती."

मी म्हणाले, "पडतीच की."

विस्तव घेऊन आले. कुणाला बोलले नाही. आता वाटतं बोलायला हवं होतं. पण कुणाला आणि काय?

टँकर आला, अप्पानं तांब्याभर पाण्यात आंघोळ केली, बाटली घेतली, चुना लावून उन्हात धरली. चार दिसला. एक दिसला. तिसरा आकडा उजव्या अंगानं कसाबसा उमटलेला, डावीकडं नुसतं गुळगुळीत पितळ. इंग्रजी तीन म्हणा, नाहीतर आठ म्हणा. चारशे तेरा, नाहीतर चारशे अठरा.

पाटलाच्या मळ्यातली बंदूक यांतली नव्हतीच. पण महिन्याभरात आमच्याच शिवारातल्या जुन्या बारवेतून दुसरी निघाली. चारशे तेरा.

काय सांगू त्या दिवशीचं! भावकीतले दोन म्हातारे येऊन अप्पाच्या ओट्यावर बसले. त्यातला मोठा म्हणाला, "मारुती, बंदूक आपल्या बारवंत म्हंजे मानूस बारवंत. घराजवळ येऊन घात झाला. आता दिवस कर त्याचे. आन् तुझ्या वयनीचं ते…" बोट त्यानं स्वतःच्या कपाळाकडं नेलं.

"नंबर पुरता जुळत न्हाई," अप्पा म्हणाला.

"म्हंजे?"

"शेवटचा तीन का आठ ते कळंना."

"गाळात हाडं बी हायती म्हनं."

"गाळात हाडं असत्यातच, काका. शेळ्या पडत्यात, कुत्री पडत्यात."

"मग तुला सोताला काय वाटतं?"

अप्पानं दाराकडं बघितलं. सोनाबाई आत अंधारात उभी होती, पदर घट्ट धरून. "मला वाटून काय उपेग? चारशे अठरा सापडू द्या. ती दुसऱ्या कुनाची निघाली तर ही दादाची. मग तुमी म्हनाल ते करू."

आतून सोनाबाईचा आवाज आला, "च्या टाकू का?"

दोघे म्हातारे धोतर झटकत उठले.

तिथून पुढं अप्पा चारशे अठराच्या मागं लागला. त्याला चांगलं माहीत होतं की ती सापडली तर कदाचित वहिनीचं कपाळ पांढरं होईल. तरी शोधायचा. मला हे कधी उलगडलं नाही. एकदा म्हणाला, "अक्का, आईनं मरताना विचारलं, सख्या आला का? मी काय सांगू? आला म्हनू का न्हाई म्हनू?"

ऊसतोडीला निघालेल्या टोळ्यांना तो वेशीपर्यंत सोडायला जायचा. प्रत्येकाला तंबाखूची पुडी द्यायचा आणि सांगायचा, जिथं उतराल तिथल्या विहिरीत लोखंड निघालं का विचारा. बंदुकीच्या नळीची लोहार फुंकणी करतात असं कळल्यावर त्यानं गावातल्या चुली धुंडाळायला सुरुवात केली. बायांना तर करमणूकच झाली. "अप्पा, बायकू न्हाई केली ती बरं केलं, तिची बी फुंकणी तपासली असतीस!" आमच्या चुलीपाशी माझ्या सासूच्या वेळची फुंकणी होती. त्यानं ती राखेतून उचलली, फुंकर मारून पुसली, डोळ्याला लावून उजेडाकडं धरली. "हिच्यात गोळी फिरवायचे पेच हायती बगा, अक्का. बंदूक हाय ही." मी इतकी वर्षं तिनं चूल फुंकत होते! नंबर मात्र लोहारानं कापून टाकलेला. अप्पानं मला बाजारातून नवी फुंकणी आणून दिली आणि ती बिननंबरी नळी फळीवर नेऊन ठेवली, बाकीच्यांच्या रांगेत, तिच्याहीखाली गोणपाट घालून.

पुढच्या साली पाऊस झाला. विहिरी भरल्या. गाव देवळात नारळ फोडत होतं आणि अप्पा बारवेच्या पायरीवर बसून पाण्याकडं बघत होता. कुणीतरी म्हणालं, "बगा, सगळ्या गावाचा जीव भांड्यात पडला आन् ह्येचा बुडाला." ते खरंच होतं. पाणी आलं की त्याचा शोध बंद. मग पुढचा दुष्काळ येईपर्यंत गोदामात खत, बियाणं, आणि त्याच्या बंदुका पोत्यांच्या मागं भिंतीला. काही लोक उघड बोलायला लागले, पाऊस का पडंना, तर हा माणूस विहिरीकडं डोळे लावून बसतो म्हणून. त्यानंतर त्याला कुणी पेरणीच्या मुहूर्ताला बोलवेना.

चारशे अठरा सापडली पुढच्या मोठ्या दुष्काळात, बारा-तेरा वर्षांनी. चौसाळ्याकडच्या रस्त्यावर एका पडीक विहिरीत. ऊसतोडीच्या टोळीतल्या एका गड्यानं निरोप आणला. अप्पा एसटीनं गेला आणि गोणपाटात गुंडाळून ती घेऊन आला. दोन दिवस तिथं राहून त्यानं म्हाताऱ्या माणसांना विचारलं, ही कुणाची, कुणी टाकली. विहिरीचा मालक कधीच मरून गेलेला. कुणालाच काही आठवेना. एक म्हातारा म्हणाला म्हणे, "त्या आठवड्यात रस्त्यानं लई जन गेले. कोन कोन बगावं?"

झालं. आता दोन बंदुका झाल्या आणि दोन्ही बेवारस. बारवेतली दादाची असेल, तर तो घरापासून हाकेच्या अंतरावर मेला. चौसाळ्याची असेल, तर तो बंदूक टाकून पुढं निघून गेला, कुठं, कशाला, घराची आठवण न ठेवता, ते देव जाणे. अप्पानं दोन्ही शेजारी शेजारी ठेवल्या. तेव्हापासून तो विहिरी बघायला गेला नाही. रोज गोदाम उघडायचा, दोघींना पुसायचा, बंद करायचा. डोक्याचे केस त्या एका वर्षात पांढरे झाले.

सोनाबाई गेली ती मोतीबिंदूनं आंधळी होऊन, तापानं. तिला न्हाऊ घातलं तेव्हा बाया कुजबुजायला लागल्या, हिरवं लुगडं नेसवायचं का पांढरं? कुणी ठरवेना. अप्पा बाहेर होता. मी जाऊन विचारलं. तो म्हणाला, "हिरवं. बांगड्या भरा. कुकू भरपूर लावा."

भावकीतला एकजण म्हणाला, "मारुती, शास्त्राला धरून…"

"शास्त्राला नंबर ठावं हाय का?" अप्पा म्हणाला. त्याला चिडलेला मी तेवढाच बघितला.

तेराव्याला मला राहवलं नाही. मी त्याला परसात गाठून सगळं सांगितलं. विटेचा तुकडा, ती एकच जागा, माझं गप्प राहणं. वाटलं, आता हा मला काहीतरी बोलेल.

"मला ठावं हाय, अक्का," तो म्हणाला. "बाटली हातात घेतली तवाच कळलं. खाचंत वली चिंच व्हती."

"मग बोलला का न्हाईस?"

"त्या दिवसात घरात दोन तांबे पानी व्हतं. ती सोता तान्हेली राहिली आन् त्ये पानी बाटलीला घातलं. मी काय बोलू?"

त्यानंतर पाच-सहा वर्षांनी सोसायटीची निवडणूक लागली. दोन पॅनेल, जीप फिरायला लागल्या, जुनी भांडणं उकरली गेली. एका पॅनेलनं दुसऱ्याला अडकवायला ठाण्यात अर्ज टाकला की सोसायटीच्या गोदामात हत्यारं दडवून ठेवली आहेत. अप्पाचं ना या पॅनेलशी देणंघेणं ना त्या. पण गोदाम सोसायटीचं आणि किल्ली त्याच्याकडं.

जमादार आला, शिपाई आला, ट्रॅक्टरची ट्रॉली आली. पंच म्हणून चेअरमनला उभं केलं आणि मला, कारण बायांत सही येणारी मी एकटीच हाताशी सापडले. जमादार माणूस वाईट नव्हता. सगळ्या बंदुका बघितल्या, एकीचा खटका ओढून बघितला, तो हलेना. मग अप्पाला बाजूला घेऊन म्हणाला, "अप्पा, परवाना हाय का?"

"न्हाई."

"मग हे बगा. बंदूक म्हनून लिवलं तर तुमाला आत घालावं लागंल. ह्या वयात. मी जुनं भंगार लोखंड लिवतो, नग अकरा. तुमी सुटले, आमी सुटलो."

"भंगार न्हाई ते, सायेब."

"मला बी दिसतंय. पन ऐका माझं."

"बंदूक लिवा. हरेकीचा नंबर लिवा. मला आत घाला, चालंल. पन नंबर कुठंतरी लिवलेला ऱ्हाऊ द्या."

जमादारानं माझ्याकडं बघितलं. चेअरमननं माझ्याकडं बघितलं. मी म्हणाले, "भंगार लिवा, सायेब." खाली सही केली. त्याला वाचवलं असं तेव्हा मला वाटलं. अजूनही काही वेळा वाटतं.

शिपाई एकेक उचलून ट्रॉलीत टाकायला लागला. लोखंडावर लोखंड आपटायचं आणि अप्पा प्रत्येक वेळी दचकायचा, पण जागचा हलला नाही. ट्रॉलीच्या चाकापाशी उभा राहून नंबर म्हणत होता. कागद बघून नाही, तोंडपाठ. "दोनशे सात, पाटलाच्या मळ्यातली." धाड. "एकशे नव्वद, मांगवाड्याच्या आडातली." धाड. "बिननंबरी, अक्काच्या चुलीतली." कुणी लिहून घेत नव्हतं. तो म्हणत होता. मग बारवेतली उचलली तेव्हा त्यानं नंबर म्हटला नाही. म्हणाला, "दादा." शिपायाला काही कळलं नाही, त्यानं टाकली. पुढच्या तीन नंबरांसकट गेल्या. मग चौसाळ्याची उचलली. अप्पा पुन्हा म्हणाला, "दादा."

सगळ्या टाकून झाल्यावर शिपायानं फाळका लावला. जमादारानं कागद पुढं धरला, अप्पाच्या हातात पेन दिलं. "पंचांसमोर तेवढं तोंडानं सांगा, अप्पा, काय माल दिला. रीत हाय."

अप्पानं रॉकेलचे हात धोतराला पुसले, एकदा, दोनदा. पेन कागदावर टेकवलं.

"भंगार," तो म्हणाला.